कूप आखण्यापूर्वी पाणी आखणे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पश्चिम नाशिकच्या डोंगराळ भागातील सागमिश्रित जंगलासाठी पाच वर्षांचा तोडीचा कार्यक्रम तयार करण्याचे काम एका तरुण वनशास्त्र पदवीधराकडे आले आहे. कक्षनिहाय (कक्ष म्हणजे जंगलाचा प्रशासकीय विभाग) उभ्या लाकडाच्या साठ्याची मोजणी झाली आहे आणि संगणकावर पाणलोटाच्या सीमाही काढून झाल्या आहेत. आता या सीमांचा तोडीच्या नियोजनात प्रत्यक्ष उपयोग कोणत्या टप्प्यावर आणि कसा करायचा, की नकाशा अहवालाला जोडला म्हणजे पुरे, असे त्यांनी विचारले आहे.

नकाशा जोडून भागत नाही, हे तुम्हालाही जाणवले असणार, अन्यथा प्रश्न विचारला नसता. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या तालुक्यांत मी बरीच वर्षे कूपांची (एका वर्षी तोडायला ठरवलेल्या जंगलाच्या तुकड्यांची) आखणी, विरळणी (गर्दी कमी करण्यासाठी काही झाडे काढणे) आणि मृद्‌संधारणाची कामे केली आहेत. त्या अनुभवातून सांगायचे, तर आपल्या पद्धतीतील मूळ दोष तांत्रिक नसून ऋतूचा आहे. कूपाची सीमा, झाडांचे चिन्हांकन, तोडायच्या झाडावरचा घणाचा शिक्का आणि लाकूड ओढण्याच्या वाटा ही सगळी कामे पावसाळा संपल्यावर होतात. तेव्हा पहिल्या श्रेणीचे, म्हणजे अगदी उगमाकडचे ओहोळ कोरडे पडलेले असतात, गवत वाळलेले असते, आणि जी लवण (उतारावरची खोलगट जागा) जुलैमध्ये घोटाभर पाण्याने वाहत होती ती मजुराला लाकूड उतरवण्याची सोयीची वाट वाटते. म्हणजे ज्याने कूप आखला त्याने त्या कूपातील पाणी कधी पाहिलेलेच नसते.

म्हणून माझी पहिली सूचना संगणकाशी संबंधित नाही. ज्या कक्षांत पुढच्या हिवाळ्यात तोड प्रस्तावित आहे, त्या कक्षांतून या जुलै-ऑगस्टमध्ये, मोठा पाऊस होऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, वनरक्षक आणि गावातील एखादा जाणता माणूस बरोबर घेऊन पायी फिरा. जिथे पाणी जमिनीवरून वाहताना दिसेल, जिथे पाय रुतेल, जिथे उतारावर मध्येच पाणी पाझरून बाहेर येत असेल, तिथल्या झाडांवर एका ठरावीक रंगाचा पट्टा ओढा आणि जीपीएसवर बिंदू घ्या. हिवाळ्यात चिन्हांकनाला जाणारी तुकडी हे पट्टे पाहूनच काम करील. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर (तुमचे क्षेत्र ४६ एच आणि ४७ ई या गटांत येते) समोच्च रेषांचे अंतर २० मीटर असते, आणि त्यात न मावणारे असंख्य लहान ओहोळ या भागात आहेत. उपग्रहावरून घेतलेल्या ३० मीटरच्या उंची-प्रतिमानातही दाट जंगलात झाडांचा शेंडाच बऱ्याचदा जमीन म्हणून नोंदला जातो, त्यामुळे संगणकाने काढलेला प्रवाह पन्नास-साठ मीटरने सरकलेला आढळला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

आता मोजमापाच्या एककाकडे येतो. कक्ष हे प्रशासकीय एकक आहे. त्याची सीमा कधी धारेवरून, कधी गाडीवाटेवरून, तर कधी जुन्या गावशिवेवरून गेलेली असते. नाशिक जिल्ह्याची गंमत अशी की एकाच डोंगरधारेवरून पाणी वेगवेगळ्या समुद्रांना जाते. ब्रह्मगिरीच्या परिसरातील पाणी एका बाजूला गोदावरीतून बंगालच्या उपसागराकडे वळते, तर दुसऱ्या बाजूला वैतरणेतून अरबी समुद्राकडे. उत्तरेला गिरणा तापीला मिळते, आणि पश्चिमेला नार, पार व दमणगंगा गुजरातकडे उतरतात. धारेवर पसरलेला एखादा कक्ष म्हणूनच दोन खोऱ्यांचा भाग असतो, आणि त्या कक्षात किती हेक्टर तोड झाली या आकड्यावरून कोणत्याही एका नाल्याचे काय झाले ते कळत नाही. याउलट, तीन वेगवेगळ्या कक्षांतील तीन कूप, तीन वेगवेगळ्या वर्षांचे असूनही, एकाच नाल्यावर भार टाकत असतात, आणि कक्षनिहाय तक्त्यात ते कधीच एकत्र दिसत नाहीत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याची पाणलोट क्षेत्रांत विभागणी केलेली आहे, पण ती क्षेत्रे तोडीच्या नियोजनासाठी फार मोठी पडतात. तुम्ही त्यांच्या आत १०० ते ३०० हेक्टरांचे सूक्ष्म पाणलोट पाडा आणि प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र ठेवा.

या हिशेबासाठी मी समतुल्य तोडक्षेत्राची कल्पना वापरतो, म्हणजे विरळणी आणि जुनी तोड किती हेक्टर पूर्ण तोडीइतकी आहे ते काढतो. उत्तर अमेरिकेच्या वायव्य भागातील वनाधिकाऱ्यांनी ती रूढ केली. आपल्याकडे ती जशीच्या तशी लागू होत नाही, परंतु हिशेबाची शिस्त म्हणून उपयोगी आहे. समजा, १२० हेक्टरांचा एक सूक्ष्म पाणलोट आहे. त्यात या वर्षी १८ हेक्टरांची पूर्ण तोड आहे, ती तशीच १८ धरायची. आणखी १२ हेक्टरांत ३० टक्के छत्र (झाडांच्या शेंड्यांचे आच्छादन) कमी करणारी विरळणी आहे, तिचे ३.६ हेक्टर. चार वर्षांपूर्वी १५ हेक्टरांत तोड झाली होती, तिथे खुंटफुटवा आणि रोपे उभी राहिली असली, तरी तुमच्या पाहणीत छत्र अजून ६० टक्के तुटीत असेल, तर तिचे ९ हेक्टर. एकूण ३०.६ हेक्टर, म्हणजे पाणलोटाच्या २५.५ टक्के. कक्षाच्या तक्त्यात मात्र या वर्षाची तोड १५ टक्केच दिसली असती.

या टक्क्यांना अर्थ कुठून येतो? १९८२ साली बॉश आणि ह्यूलेट यांनी जगभरातील ९४ पाणलोट-प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात असे दिसले की छत्र सुमारे २० टक्क्यांपेक्षा कमी प्रमाणात घटले, तर नाल्याच्या वार्षिक प्रवाहातील फरक मोजणीत पकडता येत नाही, आणि पानझडी वृक्षांच्या बाबतीत दर १० टक्के घटीमागे वार्षिक प्रवाह सरासरी २५ मिलिमीटरने वाढतो. हे आकडे बहुतांशी समशीतोष्ण प्रदेशांतील आहेत आणि ते वार्षिक प्रवाहाचे आहेत, पुराचे किंवा उन्हाळी पाण्याचे नाहीत. तरीही वरील उदाहरणातील २५.५ टक्क्यांच्या पाणलोटात मी त्या वर्षीची विरळणी पुढे ढकलेन आणि कूपाचा आकार १२ हेक्टरांवर आणेन, म्हणजे बेरीज २१ हेक्टरांवर, साडेसतरा टक्क्यांवर येते. वरिष्ठांना उद्दिष्ट कमी झालेले आवडत नाही. परंतु तीच विरळणी आणि कूपातून कमी केलेले सहा हेक्टर दुसऱ्या पाणलोटात हलवले, तर एकूण उद्दिष्टाला धक्का लागत नाही. पाच वर्षांच्या कार्यक्रमाचा खरा फायदा हाच की तोड कमी न करता ती पाणलोटांमध्ये आणि वर्षांमध्ये वाटून देता येते.

झाडे तोडली की पाणी आटते, असे सर्रास बोलले जाते. ते सरसकट खरे नाही, आणि तुम्ही तज्ज्ञ म्हणून अहवालात लिहाल तेव्हा ते तसे लिहू नका. झाड पाणी पिते. निलगिरी पर्वतावर गवताळ पाणलोटात निळ्या गमाची (निलगिरीच्या झाडाची एक जात) लागवड करून जो दीर्घ प्रयोग झाला, त्यात पहिल्या फेरपालटीत (लागवडीपासून तोडीपर्यंतच्या काळात) पाण्याचे उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी आणि दुसऱ्या, फुटव्याच्या फेरपालटीत सुमारे २५ टक्क्यांनी घटले. म्हणजे तोडीनंतर बाष्पोत्सर्जन वाचते, हे खरेच. पण आपल्याकडे जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो. इगतपुरीला ३००० मिलिमीटरच्या आसपास आणि नाशिक शहरात ७०० च्या आसपास. उन्हाळ्यात नाल्याला किंवा झऱ्याला पाणी राहील की नाही, हे त्या चार महिन्यांत जमिनीत किती मुरले यावर ठरते. तोड जपून केली आणि माती सैल राहिली, तर झऱ्याला काही वर्षे किंचित अधिक पाणी आलेलेही दिसेल. तीच तोड करताना माती दाबली गेली, पालापाचोळा जळाला आणि लाकूड ओढून उताराला चऱ्या पडल्या, तर वाचलेल्या बाष्पोत्सर्जनाच्या कितीतरी पट पाणी न मुरता वाहून जाते. याचा अर्थ असा की नाल्याचे भवितव्य कुऱ्हाडीपेक्षा ओढणीच्या वाटेवर अधिक अवलंबून असते.

हे आकड्यांत पाहायचे असेल, तर वक्र-क्रमांक पद्धत घ्या. तीत जमिनीच्या अवस्थेला एक क्रमांक देतात, आणि क्रमांक जितका मोठा, तितके पाणी न मुरता वाहते. चांगल्या अवस्थेतील जंगलाला ७० आणि तुडवलेल्या, आच्छादन गेलेल्या कूपाला ८० हा क्रमांक धरला आणि प्रारंभिक शोषण (पाणी वाहू लागण्यापूर्वी जिरणारा पाऊस) जमिनीच्या साठवणक्षमतेच्या ०.२ पट मानले, तर ५० मिलिमीटर पावसात अपधाव (न मुरता वाहून जाणारे पाणी) अनुक्रमे सुमारे ६ आणि १४ मिलिमीटर येतो, म्हणजे दुपटीहून अधिक. १५० मिलिमीटर पावसात तो ६९ आणि ९४ येतो. ३०० मिलिमीटर पावसात २०० आणि २३५. पाऊस जितका मोठा, तितका जंगलाच्या अवस्थेचा प्रभाव प्रमाणाने कमी होत जातो. म्हणूनच अतिवृष्टीच्या महापुराचे खापर वरच्या एखाद्या कूपावर फोडणे जसे चूक, तसेच मधल्या पावसांत दरवर्षी दहा-पंधरा वेळा वाढणारा लोंढा नजरेआड करणेही चूक. ओघळी खोदल्या जातात त्या बहुधा या मधल्या पावसांनीच.

ओढणीच्या वाटेचा धडा मला स्वतःच्या चुकीतून मिळाला, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका कूपातून सागाचे नग बैलांनी ओढून खालच्या गाडीवाटेवर आणायचे होते. सर्वांत जवळची वाट सरळ उताराची होती आणि ती मीच मंजूर केली, कारण मजुरीचा दर अंतरावर होता. मे महिन्यात काम संपले, वाट तशीच सोडली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातील पावसाने त्या वाटेचा नाला केला आणि खालच्या तीन खाचरांत वीतभर मुरूम आणून टाकला. तिथे राब (पालापाचोळा व शेण) भाजून भाताची रोपे टाकलेली होती, ती गाडली गेली. ज्यांची खाचरे होती त्या आजींनी मला शिव्या दिल्या नाहीत, फक्त वर बोट दाखवून विचारले, “साहेब, ही वाट पाण्याला विचारून काढली होती का?” पुढे त्या वाटेवर अनगड दगडी बांध घालण्यात जेवढा खर्च आला, तेवढ्यात लांबची, तिरकी वाट दोनदा काढून झाली असती.

तेव्हापासून माझा नेम असा आहे: वाट उताराला तिरकी जाईल, ओहोळ ओलांडावा लागलाच तर काटकोनात आणि एकाच ठिकाणी ओलांडेल, आणि सगळ्या ओढवाटा मिळून कूपाच्या दहा टक्क्यांहून अधिक जमीन व्यापणार नाहीत. काम संपताच, पावसाळ्याची वाट न पाहता, वाटेवर तिरके आडबांध घालायचे: १० टक्के उतारावर साधारण दर २५ मीटरला आणि २० टक्के उतारावर दर १५ मीटरला. त्यांचे तोंड शाबूत झाडीत सोडायचे, ओहोळात नाही. त्यावर तोडीचा पालापाचोळा आणि फांद्या पसरायच्या. हा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून दाखवा. वाहतुकीच्या खर्चात मिसळलेला आडबांध प्रत्यक्षात कधीच बांधला जात नाही.

ट्रकचा रस्ता नाला ओलांडत असेल तिथे मोरीचा आकार सवयीने ठरवू नका. ४० हेक्टरांचे पाणलोट, अपधाव गुणांक ०.४ आणि तासाला ७५ मिलिमीटर तीव्रता धरली, तर परिमेय सूत्राने (या तिन्हींचा गुणाकार करून कमाल प्रवाह काढण्याची रीत) प्रवाह सेकंदाला सुमारे ३.३ घनमीटर येतो. ९०० मिलिमीटर व्यासाचा एक पाइप त्यातील निम्मेही नीट वाहून नेत नाही, आणि त्यात फांदी अडकली की रस्ताच बंधारा होतो व फुटतो. कूपाच्या दोन-तीन हंगामांच्या वापरासाठी दगडी फरशी, म्हणजे पाणी वरून जाऊ देणारी, कितीतरी सुरक्षित.

आता नाल्याकाठच्या पट्ट्याविषयी. राज्यातील कार्य आयोजनांमध्ये (वनविभागाच्या दीर्घ मुदतीच्या आराखड्यांमध्ये) २५ अंशांपेक्षा तीव्र उतार आणि नाल्याच्या दोन्ही काठांना २० मीटरचा पट्टा हे संरक्षण क्षेत्र म्हणून वगळण्याची पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. अडचण अंमलबजावणीत येते. हे २० मीटर कुठून मोजायचे? पात्राच्या मध्यापासून मोजले, तर आठ मीटर रुंदीच्या नाल्यावर प्रत्येक काठाला चार मीटर आपोआप कमी होतात. काठाच्या कडेपासून, आणि तीव्र उतारावर टेप आडवा धरून मोजा. शिवाय २० हा आकडा किमान समजा. उतार वाढेल तसा मी पट्टा ३० मीटरपर्यंत नेतो, आणि ज्या ओहोळांना नकाशात नावही नाही, पण जुलैच्या फेरीत ज्यांवर रंगाचे पट्टे ओढले गेले, त्यांना निदान १० मीटर देतो. या पट्ट्यात उंबर, जांभूळ, करंज, अर्जुन यांपैकी काहीही तोडायचे नाही. वाळलेले आणि पडलेले झाडही पात्रात आडवे पडून गाळ अडवत असेल, तर तिथेच राहू द्यायचे. त्याचे जळाऊ बीट (सरपणाची रास) करण्याचा मोह अनेकांना होतो.

सागाबद्दल एक स्वतंत्र सावधगिरी. सागाचे पान मोठे असल्यामुळे त्यावरून गळणारा थेंब पावसाच्या थेंबापेक्षा मोठा असतो आणि उंचावरून पडताना जमिनीवर जोरात आदळतो. खाली झुडूप, गवत किंवा पाचोळा असेल, तर बिघडत नाही. पण फेब्रुवारी ते मे या काळात वणव्याने तो जळाला असेल, तर दाट रोपवनाखालची माती उघड्या माळाहूनही जास्त धुपू शकते. सागाच्या रोपवनात वेळेवर केलेली विरळणी जमिनीवर ऊन पोहोचवते, खालचा स्तर उगवतो आणि धूप कमी होते. म्हणून पाणलोटाचा विचार म्हणजे तोडीला विरोध, असे समजण्याचे कारण नाही. विरळणी न झालेली कितीतरी रोपवने मी पाण्याच्या दृष्टीने आजारी पाहिली आहेत. मात्र ज्या वर्षी वणवा गेला, त्या वर्षी त्या पाणलोटात तोड नको, आणि जळालेले क्षेत्रही वरील समतुल्य बेरजेत धरायला विसरू नका.

झऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे, कारण झऱ्याचे पाणलोट नकाशावरील पाणलोटाशी जुळतेच असे नाही. आपला डोंगर बसाल्टच्या थरांचा आहे. विहिरी खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, तो सच्छिद्र खडक पाणी धरतो, आणि त्याखालचा काळा पाषाण किंवा लाल मातीचा पट्टा ते अडवतो. या दोहोंच्या सांध्यावर झरा फुटतो. थर किंचित कलते असतील, तर झऱ्याला पाणी देणारी जमीन धारेच्या पलीकडच्या उतारावरही असू शकते. तेव्हा झऱ्याभोवती वर्तुळ काढून समाधान मानू नका. वर चढून मांजऱ्या खडक कुठे उघडा पडला आहे आणि कुठला सपाट माथा त्याला पाणी देतो, हे पाहा. पुण्याच्या अ‍ॅक्वाडॅम या संस्थेने झऱ्यांच्या भूशास्त्रावर बरेच काम केले आहे, त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तो माथा ओढवाटांपासून आणि लाकडाच्या थप्प्यांपासून मुक्त ठेवायचा.

झऱ्यांची यादी मात्र कार्यालयात मिळणार नाही, ती गावात मिळेल. पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तालुके पूर्णतः अनुसूचित क्षेत्रात येतात, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने लगतची पाणलोट क्षेत्रे व जलस्रोत सुरक्षित राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. कार्यक्रमाचा मसुदा पक्का झाल्यावर मंजुरीसाठी ग्रामसभेपुढे ठेवण्याऐवजी, कोरा नकाशा घेऊन आधी बसा. कोणता झरा मार्चमध्ये आटतो, कोणता मे महिन्यातही हंडा भरतो, हे पाणी भरणाऱ्या बाया दोन तासांत सांगतात. माझ्या अनुभवात त्यांची माहिती आमच्या सर्वेक्षणापेक्षा अधिक अचूक निघाली आहे.

गाळाविषयी दोन वाक्ये पुरेत. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाची मूळ साठवण ७२०० दशलक्ष घनफूट होती, ती आज ५६३० धरली जाते. हा सारा गाळ तोडीचा नाही, त्यात शेती, डोंगरफोड, रस्ते आणि वणवे यांचाही वाटा आहे, परंतु त्या धरणाच्या वरच्या पाणलोटात तुमचा एखादा कूप येत असेल, तर अहवालात तसे नोंदवा, म्हणजे आडबांधांच्या खर्चाला कात्री लागताना कोणीतरी थांबून विचार करील.

शेवटी मोजणी, जी बहुतेक आराखड्यांत नसते. शक्य असेल, तर तोडीच्या दोन वर्षे आधीपासून दोन शेजारी नाले मोजायला घ्या: एक ज्यात तोड होणार आहे, दुसरा ज्यात होणार नाही. केवळ तोडीआधी आणि तोडीनंतर अशी तुलना निरुपयोगी ठरते, कारण पावसाळे सारखे नसतात. ९० अंशांच्या व्ही-खाचेची (इंग्रजी व्ही आकाराच्या, प्रवाह मोजण्याच्या खाचेची) लोखंडी पट्टी सिमेंटच्या लहान भिंतीत बसवली आणि खाचेवरून १० सेंटिमीटर पाणी जात असेल, तर प्रवाह सेकंदाला सुमारे ४.४ लिटर. पाणी २० सेंटिमीटर झाले, तर तो दुप्पट नव्हे, साडेपाच पटींहून अधिक होतो, म्हणून पट्टीवरील वाचन मिलिमीटरमध्ये घ्या. जुलैच्या लोंढ्यापुढे ही खाच टिकणार नाही, पण ती ऑक्टोबरनंतरच्या पाण्यासाठीच आहे. झऱ्यासाठी १५ लिटरची बादली आणि घड्याळ पुरते. पावसाचे आकडे महसूल मंडळांतील स्वयंचलित केंद्रांचे मिळतात, पण डोंगराच्या कुशीत पाऊस मैलागणिक बदलतो, तेव्हा एक साधे पर्जन्यमापक जवळच्या आश्रमशाळेच्या आवारात ठेवा आणि नोंद विज्ञानाच्या शिक्षकांकडे सोपवा. व्ही-खाचेची पट्टी गुरांच्या पाणवठ्यापासून लांब बसवा. माझी पहिली पट्टी म्हशींनी एका आठवड्यात वाकवली होती.